गोळी धरते ती पुंगळी

मंडळी, रीलोडिंग (म्हणजे वापरलेल्या पुंगळीत, काडतुसाच्या पितळी नळकांड्यात, नवी दारू आणि गोळी भरून काडतूस पुन्हा बनवणं) शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्याच दिवशी विचारतो, "क्रिम्प किती घट्ट करू?" क्रिम्प म्हणजे पुंगळीचं तोंड गोळीवर आवळणं. या प्रश्नातच घोळ आहे. गोळी निसटू नये म्हणून क्रिम्प करायचा, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाच्या बाबतीत नाही, आणि आज मला तेवढंच पटवून द्यायचं आहे.

काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे बार उडताना ते बसतं त्या पोकळीत, किती आत जाऊन थांबतं, इथून सुरुवात करू. .३५७ मॅग्नमच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. ती सिलिंडरच्या मागच्या बाजूला टेकते आणि काडतूस तिथेच थांबतं. म्हणून पुंगळीचं तोंड गोळीवरच्या खाचेत बिनधास्त वळवता येतं. हा रोल क्रिम्प. तो लागतोही, कारण प्रत्येक बार उडताना बसणाऱ्या धक्क्याने उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकू पाहतात. एखादी फार पुढे आली तर सिलिंडर फिरतच नाही.

९ मिलिमीटर ल्यूगर किंवा .४५ एसीपीला अशी कड नाही. चेंबरच्या पुढच्या टोकाला एक बारीक पायरी असते, तिच्यावर पुंगळीचं तोंड टेकतं. ते तोंडच आत वळवलंत तर टेकायला काय उरलं? काडतूस गरजेपेक्षा आत जातं, एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी पुंगळी बाहेर ओढणाऱ्या भागाच्या) आकड्याच्या आधाराने राहतं, फायरिंग पिनचा ठोका हलका पडतो. त्याहून वाईट म्हणजे तोंड पुढच्या अरुंद भागात घुसलं तर गोळी सुटायला जागा राहत नाही आणि दाब चढतो. म्हणून इथे टेपर क्रिम्प.

टेपर क्रिम्पचं काम फार छोटं आहे. गोळी बसवण्याआधी आपण पुंगळीचं तोंड किंचित फुलवतो, नाहीतर काठाने गोळीची साल निघते. ते फुलवलेलं तोंड पुन्हा सरळ करायचं, बस्स. माप कागदावर काढता येतं. .४५ ची गोळी ०.४५१ इंच, पुंगळीची भिंत साधारण ०.०१० ते ०.०११ इंच. दोन भिंती धरून ०.४७१ ते ०.४७३ होतात, आणि तोंडाशी कमाल मर्यादा ०.४७३ आहे. ०.४७१ च्या आसपास थांबा. ९ मिलिमीटरला मर्यादा ०.३८० आहे; मी ०.३७८ ला थांबतो. शिशाची गोळी किंचित जाड असते, तेव्हा आकडा पाठ करू नका. आपली पुंगळी, आपली गोळी कॅलिपरने मोजा.

गोळी धरून ठेवते ती साइझिंग डायने, म्हणजे पुंगळी मापात आणणाऱ्या साच्याने, आवळलेली पुंगळीची भिंत. आणि इथे अशी गोष्ट घडते जी नवख्याला पटत नाही : क्रिम्प जास्त आवळला की गोळी सैल होते. पितळ दाबलं की थोडं परत उसळतं. शिसं उसळत नाही, चेपलं की चेपलेलंच राहतं. दाब काढला की गोळी बारीक झालेली आणि पुंगळी तिच्यापासून सुटलेली. सुरुवातीच्या काळात माझी .४५ ची एक अख्खी खेप अशी गेली. अंगठ्याने टेबलावर दाबली की गोळी आत सरकायची. मी क्रिम्पची डाय आणखी खाली फिरवत गेलो आणि सैलपणा वाढत गेला. ती सगळी काडतुसं मी मोडून टाकली.

का मोडली, तेही सांगतो. मॅगझिनमधून चढताना काडतुसाचं नाक फीड रॅम्पवर, म्हणजे चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर, आदळतं. सैल गोळी आत ढकलली जाते, आतली जागा कमी होते आणि दाब झपाट्याने वाढतो. ९ मिलिमीटरमध्ये ही भीती जास्त. पुंगळी लहान, आणि दाबाची कमाल मर्यादाच ३५,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), जिथे .४५ ची २१,००० आहे. तेव्हा गोळी सैल वाटली तर क्रिम्पला हात लावू नका. साइझिंग डाय नीट आवळते का, तोंड फुलवणारा दांडा जाड किंवा फार खोल जातो का, पुंगळीची भिंत पातळ आहे का, ते बघा.

गोळी बसवणं आणि क्रिम्प शक्यतो वेगवेगळ्या डायवर करा. एकाच डायमध्ये दोन्ही केलं तर तोंड आवळलं जात असतानाही गोळी खाली जात असते आणि तिची साल सोलली जाते.

तपासणीसाठी बॅरल पिस्तुलातून काढून हातात घ्या आणि काडतूस चेंबरमध्ये सोडा. ते 'टक्' आवाज करून बसलं पाहिजे, बोटाने सहज फिरलं पाहिजे, आणि बॅरल उलटी केली की आपोआप बाहेर पडलं पाहिजे. मग त्याची लांबी मोजा, नाक टेबलावर जोरात दाबा, पुन्हा मोजा. फरक पडता कामा नये. शेवटी एक गोळी पुलरने (गोळी उपटण्याच्या साधनाने) काढून उजेडात धरा. तोंडाची अगदी पुसट रेघ दिसली तर चालेल. मुलामा दिलेल्या गोळीवर नखाला लागेल अशी खाच किंवा आतलं शिसं दिसलं, तर क्रिम्पची डाय थोडी वर घ्या आणि दुसरी काढून बघा.