बारीक झाल्यावर घालीन म्हणून ठेवलेला ब्लाउज

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? मागे कूलरचा आवाज येऊन राहिला असेल थोडा, पण नागपुरात या दिवसांत तो बंद करून बसणं शक्य नाही, त्यामुळे तेवढं चालवून घ्या.

आज मला दंडांबद्दल बोलायचंय. हे बघा, हे माझे दंड. मी अर्ध्या बाह्यांच्या कुर्त्यात तुमच्यासमोर बसली आहे आणि हे कित्येक वर्षांनी होऊन राहिलंय.

मागच्या वर्षी मावसबहिणीचं लग्न होतं, ऐन नवतपात, म्हणजे उन्हाळ्याच्या त्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, मुहूर्त दुपारचा, बाहेर ४५ डिग्री, आणि मी पूर्ण बाह्यांचा, आतून अस्तर लावलेला, घट्ट ब्लाउज घालून उभी. काहून? तर दंड दिसू नयेत म्हणून. मंगलाष्टकं सुरू असताना डोळ्यांपुढे अंधारी आली, बहिणीने धरून खुर्चीवर बसवलं, मामी पदराने वारा घालत होती, कोणीतरी पन्ह्याचा ग्लास हातात दिला, मामी म्हणे बाह्या वर कर ना गं, हवा लागू दे. आणि मी त्या बाह्या अजून खाली ओढत होती. ते मला घरी आल्यावर आठवलं आणि खूप रडू आलं.

आता बघा, आपल्या शरीराचं तापमान असतं ३७ डिग्रीच्या आसपास. बाहेर ४५ असलं की हवाच आपल्या अंगापेक्षा गरम असते, नुसत्या वाऱ्याने थंड होत नाही आपण, तेव्हा घाम येणं आणि तो वाळणं एवढाच एक रस्ता शरीराकडे उरतो. लाखो घामाच्या ग्रंथी त्यासाठी राबून राहिल्या असतात, माझे दंडही त्यातच आले, आणि मी त्यांच्यावर अस्तर लावून ठेवलं होतं, लोक काय म्हणतील म्हणून. तेही कोणते लोक, तर अकरावीत असताना घरी आलेल्या एका पाहुण्या बाईंचं एक वाक्य, "पोट्टी एवढीशी अन् दंड पाहा केवढे". त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली. तुमच्याकडेही असेल असं एखादं वाक्य.

बरं, आपल्याकडे उन्हाळ्यात स्कूटीवर प्रत्येक पोरगी स्कार्फ, हातमोजे, सनकोट घालूनच निघते, ते बरोबरच आहे, उन्हासाठी ते पाहिजेच. पण मी ऑफिसात पोचल्यावरही सनकोट काढत नव्हती. तुम्हीही उन्हाचं निमित्त करून काही लपवून राहिल्या असाल तर एकदा स्वतःला विचारा फक्त.

त्या लग्नानंतर पहिली गोष्ट केली ती म्हणजे टेलर काकूंकडे गेली, गोकुळपेठेत, सुती कापड घेऊन. माप घेताना मी नेहमी श्वास रोखून पोट आत घ्यायची. काकू म्हणाल्या, श्वास सोड बाई, नाहीतर जेवायला बसशील तेव्हा हुक तुटेल. मग टेप लावली, मोठ्याने म्हणाल्या, "दंड साडेतेरा", वहीत लिहिलं आणि लगेच मुंढ्याच्या मापावर गेल्या. बस. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्यांना तो आकडा कापड कापायला पाहिजे होता, मला चांगलं ठरवायला की वाईट ठरवायला नाही. मला ते इतकं नवीन वाटलं बाप्पा.

घरी येऊन कपाट उघडलं. मोरपंखी ब्लाउज, दोन जीन्स, एक ड्रेस, सगळं "बारीक झाल्यावर घालीन" म्हणून ठेवलेलं, म्हणजे रोज सकाळी कपाट उघडलं की पहिले मीच मला नापास करत होती. ज्यांत मार्जिन होतं ते उसवून सैल करून घेतले, बाकीचे देऊन टाकले. खरं सांगते, आत्ताच्या मापाचेच कपडे ठेवायच्या या सवयीने जेवढा फरक पडला तेवढा कशानेच नाही पडला. आरशासमोर उभं राहून "मी सुंदर आहे" म्हणणं मला कधी जमलं नाही, खोटं वाटायचं. अंगाला न काचणारा कपडा घातला की दिवसभर शरीराची आठवणच होत नाही, आणि सुरुवातीला एवढंही पुष्कळ असतं.

वजनकाट्याचं पण सांगते. रोज सकाळी चढायची मी. पण पाणी, मीठ, पाळीचे दिवस यांनी वजन एक-दोन किलो असंच खालीवर होतं, रात्री सावजी खाल्लं की सकाळी काटा वर, त्यात चरबी फारशी वाढलेली नसते, बरंचसं पाणी असतं. तरी मूड जायचा तो जायचाच. आता काटा पलंगाखाली आहे.

फोटोंचंही तसंच. फ्रंट कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ धरला की नाक आहे त्यापेक्षा मोठं दिसतं, २०१८ मध्ये संशोधकांनी हिशोब मांडला तर एक फुटावरून काढलेल्या सेल्फीत पाच फुटांच्या तुलनेत ते जवळपास ३० टक्के रुंद दिसतं असं निघालं. ते अंतराचं काम आहे, नाकाचं नाही. 

पण एक गोष्ट नीट ऐका. शरीर आवडून घेणं म्हणजे तपासण्या टाळणं नाही. मी उलट डॉक्टरकडे जायलाच लाजायची, तिथे वजन विचारतील म्हणून. आपल्याकडे बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाची ९० च्या वर असली तर शुगर, बीपी तपासून घ्यावं असं डॉक्टर सांगतात. घ्या तपासून, लाजू नका. आणि खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणं, उपाशी राहणं, खाण्याच्या विचाराने झोप न लागणं असं काही होत असेल तर एकटीने सोसू नका, टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

आणि घरात पोट्ट्यांसमोर कोणाच्याही अंगावर बोलणं बंद करा, स्वतःच्याही. माझी भाची सहा वर्षांची आहे, ती माझ्यासमोर पोट आत घेऊन दाखवत होती. ती कोणाकडून शिकली ते मला माहीत आहे.

रात्री झोपताना मी आता हातापायांना तेल लावते, पाच मिनिटं, खोबरेल. पहिल्या दिवशी डाव्या दंडावरून हात फिरवताना लसीची ती गोल खूण लागली, लहानपणी टोचतात ना बीसीजी, तीच. ती तिथे आहे हेच मी विसरली होती. आईला विचारलं तर म्हणे, तुला घेऊन भर उन्हात रिक्षाने गेली होती, घरी येईपर्यंत तू माझ्या खांद्यावर झोपली होती, आणि तो दंड मी रात्रभर जपत होती, कुशीवर वळू नये म्हणून.

या मे मध्ये परत एक लग्न आहे घरात. परवा काकूंकडे दुसरा ब्लाउज टाकला, त्यांनी विचारलं बाही कुठपर्यंत ठेवू, तर मी त्या खुणेच्या वर बोट ठेवलं.