रेक्स दिसत नाही तेव्हा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'तुटपुंजं यंत्र, भरपूर भीती'. तो मी मांडणारच आहे. पण आधी एक तक्रार करू द्या, फार वर्षं मनात साठली आहे. संगणकावरच्या त्रिमितीय खेळांचा इतिहास सांगायला कुणी बसलं, की गोष्ट सुरू होते १९९२च्या 'वुल्फेन्स्टाईन थ्रीडी'पासून आणि लगेच पोचते १९९३च्या 'डूम'वर. अहो, त्याच्या दहा वर्षं आधी ब्रिटनमधली पोरं घरच्या टीव्हीसमोर बसून एका डायनासोरपासून जीव घेऊन पळत होती! त्या खेळाचं नाव 'थ्रीडी मॉन्स्टर मेझ'. मी त्याला जगातला पहिला म्हणत नाही. सत्तरच्या दशकातला 'मेझ वॉर' होता, १९८०चा 'बॅटलझोन' होता. पण ती मोठी यंत्रं, प्रयोगशाळेतली नाहीतर आर्केडमधली. हा खेळ चालायचा झेडएक्स८१वर. मार्च १९८१मध्ये बाजारात आलेला हा घरगुती संगणक, तयार घेतला तर ६९.९५ पौंड, सुटे भाग आणून घरी जोडला तर ४९.९५. रंग नाही, आवाज नाही, मेमरी १ किलोबाईट.

माल्कम एव्हान्स नावाच्या गृहस्थांना हे यंत्र त्यांच्या पत्नीने वाढदिवसाला दिलं. यंत्राकडून काय काय करून घेता येतं ते बघू म्हणून ते कामाला लागले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस खेळ उभा राहिला. १९८२मध्ये जे. के. ग्रे सॉफ्टवेअरने तो विकायला आणला.

आता त्या १६ के रॅम पॅकबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. एक किलोबाईटमध्ये हा खेळ मावत नसे, म्हणून यंत्राच्या पाठीला ही जादा मेमरीची डबी खोचायची. ती खोबणीत हलायची. जरा हलली की संपर्क तुटला, पडद्यावर कचरा, आणि मेमरीतलं सगळं गेलं. मग कॅसेट पुन्हा मागे गुंडाळा, टेपरेकॉर्डर लावा आणि खेळ चढेपर्यंत पाच-सहा मिनिटं नुसतं बसून राहा. लोकांनी ती डबी चिकटपट्टीने बांधली, ब्लू-टॅक नावाच्या चिकट लगद्याने चिकटवली. त्यात कीबोर्ड सपाट, वर उठलेल्या कळा नाहीत, बोट दाबून धरावं लागे. म्हणजे बघा, मागे टायरॅनोसॉरस लागलाय, पळायचं आहे, आणि बोट मात्र बेताने दाबायचं, नाहीतर डबी हलणार! इथे हात वर करा, कोण कोण घाबरल्यावर बेताने दाबू शकतं? कुणीच नाही ना? या खेळात माणसाला खरा मारायचा तो रॅम पॅक, असं म्हणणारे जुने खेळाडू आहेत आणि मला ते पटतं.

खेळ साधा. सुरुवातीला जत्रेतला निवेदक आरोळी देऊन डायनासोरचा राजा बघायला बोलावतो. मग तुम्ही १६ बाय १८ घरांच्या भुलभुलैयात. दर वेळी नवा, यंत्राने त्या क्षणी रचलेला. ७ दाबलं की पुढे, ५ आणि ८ वळायला. बाहेरची वाट शोधायची, बस. मेलात तर जन्मभर त्याच भुलभुलैयात भटकण्याची शिक्षा, आणि त्यावर अपील करायची सोय! अपिलाची गंमत सविस्तर सांगायची होती, पण अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मुद्द्यावर येतो.

मुद्दा असा. झेडएक्स८१च्या स्लो मोडमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम चालू असतानाही चित्र दिसत राहतं त्या पद्धतीत, टीव्हीवरचं चित्र प्रोसेसर स्वतःच काढत बसतो. हा प्रोसेसर म्हणजे ३.२५ मेगाहर्ट्झचा झेड८०, त्याचा सुमारे तीन चतुर्थांश वेळ त्यातच जातो. उरलेल्यात खेळ चालवायचा. मग भिंती सरकताना दिसल्या कशा? कारण पडदा ३२ बाय २४ अक्षरांचा, एकूण ७६८ जागा. भिंती, सावल्या, खुद्द रेक्स, म्हणजे तो डायनासोर, सगळं काळ्या-करड्या चौकोनी अक्षरांचं. पुढचं पाऊल दाखवायला जास्तीत जास्त ७६८ बाईट बदलायचे. झेडएक्स८१च्या पुढच्याच वर्षी आलेल्या स्पेक्ट्रम या संगणकाचा पडदा ६,९१२ बाईटचा. तुटपुंजेपणामुळेच वेग मिळाला, हे माझं पहिलं म्हणणं.

दुसरं, आवाज नव्हता म्हणून एव्हान्स यांनी तो लिहून दाखवला. पडद्यावर एकच ओळ येते: रेक्स दबा धरून बसलाय. तो तुमच्या शोधात आहे. पावलं जवळ येताहेत. रेक्सने तुम्हाला पाहिलंय. पळा, तो तुमच्या मागे आहे! आणि समोर? रिकामी वाट. मागे वळून खात्री करावी, तर तेवढ्यात तो गाठणार. आजी भुताची गोष्ट सांगताना भूत आपल्या पाठीमागेच उभं करते, तसंच हे. लाउडस्पीकर असता तर पावलांचा कसाबसा टकटकाट ऐकू आला असता आणि आपण हसलो असतो.

पुरावा हवा असेल तर एव्हान्स यांचाच 'एस्केप' बघा, १९८२चाच, स्पेक्ट्रमवरचा. रंग आहेत, मेमरी आहे, भुलभुलैया आहे, मागे लागणारे डायनासोरही आहेत. पण सगळं वरून दिसतं. कोण कुठून येतंय हे कळतं, म्हणून तुम्ही शांतपणे वाट काढता. तो चांगला खेळ आहे, मला आवडतो, पण त्यात अंगावर काटा येत नाही. दोन्ही खेळ आज इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालतात. आज रात्री ओळीने खेळा, आधी 'एस्केप', मग रेक्स, आणि उद्या मला सांगा.