दोन का नाही?

[दृश्य: किराणा दुकानाचा गल्ला, हातांचा क्लोज-अप]

एक पुडी पानमसाल्याची, एक तंबाखूची. दातानं कोपरा फाडायचा, दुसरी पहिलीत ओतायची, चिमटीत धरून हलवायची. मध्य प्रदेशात गुटख्यावर १ एप्रिल २०१२ पासून बंदी आहे. देशात सगळ्यात आधी इथंच आली. तेव्हापासून तोच माल दोन पुड्यांत मिळतो. काकांचे हात हे सगळं न बघता करतात. गुटख्याची सवय २२ वर्षांची आहे.

[दृश्य: इंदूरचं रामबाग, समुपदेशकांची खोली]

मुलीनं हट्टानं आणलंय. ती बाहेर बाकावर, काका खुर्चीच्या अगदी कडेला. समोरच्या ताई कॅन्सरचे फोटो दाखवत नाहीत. विचारतात, "काका, या पुडीचं तुम्हाला आवडतं काय?"

काका चमकतात. मग सांगू लागतात: शटर उघडलं की पहिली, दुपारी गिऱ्हाईक नसलं की आणखी दोन.

"दुपार एकट्यानं काढायला तिची सोबत होते."

हा प्रश्न नव्हे. काका जे बोलले नाहीत, ते ताईंनी बोलून दाखवलं. बघा, काका आता खुर्चीत नीट टेकलेत.

या पद्धतीला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर नॉर्वेत गेले होते. दारूच्या रुग्णाशी कसं बोलतो, हे ते करून दाखवत, आणि तिथले सहकारी त्यांना मध्येच थांबवून विचारत: हेच का विचारलंत? त्या उत्तरांतून १९८३ चा लेख झाला. पुढे स्टीफन रोलनिक सोबत आले, १९९१ साली दोघांचं पुस्तक निघालं. मर्म असं, की मन दोन्हीकडे ओढत असलेल्या माणसाला आपण "सोडा" म्हटलं, की तो "का सोडू" याची बाजू मांडायला लागतो. घराघरांत रोज हेच चालतं. सोडण्याची कारणं त्याच्याच तोंडून यावी लागतात.

[दृश्य: कागदावर शून्य ते दहा अशी पट्टी]

"सोडणं किती गरजेचं वाटतं?"

काकांचं बोट चारावर.

"चार? दोन का नाही?"

'दहा का नाही' विचारलं असतं, तर सबबी आल्या असत्या. इथं काका बराच वेळ गप्प राहतात.

"तोंड उघडत नाही पूर्वीसारखं. सराफ्याच्या खाऊगल्लीत नात पानी-पताशे, आपली पाणीपुरी, खाते. माझ्या तोंडात अख्खा जात नाही."

[दृश्य: काका उभी बोटं तोंडात घालून बघतात. तिसरं जात नाही. निवेदन नाही.]

"याबद्दल थोडं सांगू का? चालेल?" ताई आधी परवानगी घेतात, मगच सांगतात: सुपारीनं गाल आतून ताठ होत जातो, दाताच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

[दृश्य: दीड महिन्यानंतर, तेच दुकान]

दिवसाला १४ च्या ५ पुड्या झाल्यात, डॉक्टरांचे उपचार सुरू आहेत. शटर उघडतानाची पहिली अजून सुटलेली नाही.

"ती कधी, ते तुम्ही ठरवा," ताई म्हणाल्या.

काकांनी कॅलेंडर खाली उतरवलं.