दहा इंची नेटबुक आणि ३२ बिटांची अडचण

टेबलावरचे हे दहा इंची नेटबुक (छोटा लॅपटॉप) २००९ च्या सुमाराच्या पिढीतले आहे. त्यात इंटेल ॲटम एन२७० हा १.६ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, १ जीबी रॅम आणि १६० जीबीची हार्ड डिस्क आहे. मूळची विंडोज एक्सपी अजूनही त्यावर सुरू होते. मात्र एक्सपीला मिळणारे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबल्यामुळे या स्थितीत ते इंटरनेटला जोडणे शहाणपणाचे नाही. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते, म्हणजे तो विषय तिथेच संपतो.

उरते लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणारी मोफत प्रणाली. हलक्या लिनक्सची निवड बहुतेक जण डेस्कटॉपचे फोटो पाहून करतात आणि तिथेच फसतात, कारण पहिला प्रश्न प्रोसेसरचा असतो. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिली, की वरच्याच ओळींत उत्तर मिळते: ३२ बिट (प्रोसेसर एका दमात माहितीचा किती मोठा तुकडा हाताळतो, त्याचे हे माप). एन२७० ला ६४ बिटांची प्रणाली चालतच नाही. लुबंटू या हलक्या लिनक्सची ३२ बिटांची शेवटची दीर्घ मुदतीची आवृत्ती १८.०४ होती. डेबियन या दुसऱ्या लिनक्सने ऑगस्ट २०२५ मधील १३ व्या आवृत्तीपासून अशा पीसींसाठी इन्स्टॉलर (प्रणाली बसवणारा प्रोग्राम) आणि कर्नल (प्रणालीचा गाभा) देणे बंद केले. त्यामुळे या नेटबुकसाठी आम्ही डेबियन १२ वर आधारलेले अँटीएक्स २३ निवडले. त्यात आइसडब्ल्यूएम हा साधा विंडो मॅनेजर (पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम) असल्याने, काहीही उघडलेले नसताना रॅमचा मोठा भाग मोकळा राहतो.

पपी लिनक्स या आणखी एका हलक्या प्रणालीचाही विचार झाला. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली रॅममध्ये चढून चालते, त्यामुळे मंद हार्ड डिस्कची वाट पाहावी लागत नाही. पण तीत वापरकर्ता सहसा थेट रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून काम करतो, आणि घरातल्या चार जणांच्या हाती जाणाऱ्या संगणकासाठी ही सोय आम्हाला धोक्याची वाटली.

आता जरा कटू भाग. प्रणाली कितीही हलकी निवडली, तरी संकेतस्थळे हलकी होत नाहीत. क्रोमने ३२ बिटांच्या लिनक्सची साथ २०१६ मध्येच सोडली, तर फायरफॉक्सची १४४ ही अशा यंत्रांसाठीची शेवटची नियमित आवृत्ती ठरली. ब्राउझरमध्ये तीन-चार टॅब उघडताच १ जीबी रॅम भरते, माहिती हार्ड डिस्कवरच्या स्वॅपमध्ये (रॅम अपुरी पडल्यावर वापरल्या जाणाऱ्या जागेत) जाऊ लागते आणि माउसचा बाणसुद्धा अडखळतो. या प्रकारच्या बहुतेक नेटबुकांत रॅम २ जीबीपर्यंतच वाढवता येते. जमल्यास ती वाढवावी आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) बसवावी. प्रणाली बदलण्यापेक्षा या दोन बदलांचा फरक अधिक जाणवतो.

मराठी वापरासाठी आणखी एक गोष्ट तपासावी लागते. देवनागरी फॉन्ट नसेल, तर बातमीच्या पानावर अक्षरांऐवजी चौकोन दिसतात. लोहित देवनागरी हा फॉन्ट बसवला की ती अडचण संपते. टंकलेखनासाठी इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची कीबोर्ड-मांडणी सोयीची, कारण ती प्रणालीच्या कीबोर्ड-यादीतच असते आणि तिच्यासाठी आयबससारखा टंकलेखनाचा वेगळा प्रोग्राम सतत चालू ठेवावा लागत नाही. शिफ्टसह ‘जे’ दाबले की ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ येतो, शिफ्टसह ‘एन’ दाबले की ‘ळ’.

पेन ड्राइव्हवरूनच वायफाय, आवाज आणि पडद्याचा उजेड तपासून घेतल्यावर मगच इन्स्टॉलर चालवला. या पडद्याची उंची केवळ ६०० पिक्सेल असल्याने मोठ्या खिडकीचा तळ, आणि नेमके त्यावरचे ‘पुढे’ हे बटण, पडद्याबाहेर जाऊ शकते. अशा वेळी ऑल्ट कळ धरून माउसने खिडकी वर ओढावी. बटण दिसू लागते.