दुसऱ्या खुर्चीतली 33 वर्षं

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याच्या डोंगराळ नैर्ऋत्य भागात ब्लॅक्सबर्ग नावाचं गाव आहे. इंजिनिअरिंग शिकायला तिकडे गेलेल्या मुलामुलींच्या घरी हे नाव ओळखीचं असेल, कारण व्हर्जिनिया टेक विद्यापीठ तिथलंच. शनिवारी फुटबॉलचा सामना असला की तिथल्या लेन स्टेडियममध्ये 65 हजार माणसं जमतात, म्हणजे गावच्या लोकसंख्येपेक्षाही जास्त! सामनाभर टीव्हीचा कॅमेरा मुख्य प्रशिक्षकाच्या तोंडावरून हलत नाही. आज मी बोलणार आहे ते त्याच्या हाताखालच्या एका माणसाबद्दल. बड फॉस्टर त्यांचं नाव. 1987 ते 2019 अशी 33 वर्षं ते एकाच विद्यापीठात सहायक प्रशिक्षक होते.

हा अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे फारसा कोणी बघत नाही, म्हणून दोन शब्द. चेंडू लांबट, 4 प्रयत्नांत 10 यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. कबड्डीत चढाईत तरबेज गडी वेगळा आणि पकडीतला वेगळा असतो ना, तसंच इथं. फक्त इथं आक्रमणाचे 11 आणि बचावाचे 11 हे जवळजवळ दोन स्वतंत्र संघच असतात. दोघांना एकेक समन्वयक. तोही सहायकच, पण डावपेच त्याचे. त्याच्या हाताखाली एकेका जागेचे प्रशिक्षक. फॉस्टर बचावाचे समन्वयक होते.

या धंद्यात शिरायची वाट फार साधी असते आणि हलाखीची. फॉस्टर केंटकीतल्या मरे स्टेट विद्यापीठाकडून खेळले आणि खेळणं संपल्यावर 1981 मध्ये तिथेच 'ग्रॅज्युएट असिस्टंट' म्हणून राहिले. पदव्युत्तर शिक्षण चालू, मानधन किरकोळ, आणि काम पडेल ते. सामन्यांची फिल्म लावून प्रतिस्पर्ध्याचा एकेक डाव कागदावर काढायचा आणि ते कागद राखीव खेळाडूंपुढे धरायचे, म्हणजे सरावात त्यांनी शत्रूची भूमिका वठवावी. अशी कामं करतच पोरं या धंद्यात तयार होतात. मरे स्टेटचे मुख्य प्रशिक्षक होते फ्रँक बीमर. 1987 मध्ये बीमर व्हर्जिनिया टेकला गेले, तेव्हा फॉस्टरना सोबत घेऊन गेले.

इथेच या नोकरीची खरी गोम आहे. मुख्य प्रशिक्षक गेला की त्याचे सहायकही गेले. स्वतःचं काम कितीही चोख असो, वरचा हरला की खालच्यांचं बिऱ्हाड हललंच. मुलांची शाळा बदलली, घर विकलं, पुन्हा नव्या राज्यात नवा डाव. 1992 मध्ये व्हर्जिनिया टेकनं 11 पैकी 2 सामने जिंकले, 8 हरले, 1 बरोबरीत सुटला. बीमर वाचले, पण त्यांना सहायकांमध्ये फेरबदल करावे लागले. फॉस्टर टिकले. 1995 मध्ये रॉड शार्पलेस यांच्या जोडीनं त्यांच्याकडे बचावाची सूत्रं आली.

आणि त्याच वर्षी आला तो डबा! खाणकामगार जेवणासाठी नेतात तसला, पत्र्याचा, पोचे पडलेला. शार्पलेस यांच्या सासूबाईंनी तो मिळवून दिला होता. हा सगळा मुलूखच कोळशाच्या खाणींचा, त्यामुळे कोणाला अर्थ समजावून सांगावा लागला नाही. संघाच्या उद्दिष्टांचे कागद त्यात ठेवायचे आणि ज्या खेळाडूनं घाम गाळला त्याच्या हाती तो डबा द्यायचा. करंडक शोकेसमध्ये राहिले, मैदानात दिसायचा तो डबा. त्या हंगामाचे पहिले दोन सामने ते हरले, मग ओळीनं 10 जिंकले.

2006 साली त्यांच्या बचावानं सामन्यामागे सरासरी फक्त 11 गुण दिले, देशात सर्वांत कमी. त्या वर्षी फॉस्टर यांना देशातल्या सर्वोत्तम सहायकाला मिळणारा ब्रॉइल्स पुरस्कार मिळाला.

पण मला विचाराल तर त्यांना ओळखायला 2014 चे दोन सामने पुरेत. 6 सप्टेंबरला गाठ ओहायो स्टेटशी, तीही त्यांच्याच मैदानावर. फॉस्टर यांनी समोरच्या फळीतल्या मधल्या तिघांच्या नाकासमोर एकेक माणूस उभा केला आणि मागे राखणीला जवळजवळ कोणी ठेवलंच नाही. सरळ जुगार! ओहायोचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणात चेंडू हाती घेऊन पास टाकणारा, पोरसवदा होता. 29 पैकी त्याचे 9 पास लागले, 3 प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेले आणि 7 वेळा तो चेंडूसकट आडवा झाला. 35-21. ओहायो स्टेट पुढे राष्ट्रीय विजेता ठरला. वर्षभरात तो हरला तो एवढाच सामना.

आणि नोव्हेंबरात वेक फॉरेस्टविरुद्ध? पूर्ण 60 मिनिटांत फॉस्टर यांच्या पोरांनी एकही गुण दिला नाही. पण आपल्याही आक्रमणाला एक गुण काढता आला नाही. शून्य-शून्य! जादा वेळेत 6-3 नं हरले. समन्वयकानं याहून जास्त काय करायचं असतं, सांगा.

मुख्य प्रशिक्षकपदासाठी त्यांचं नाव कितीदा तरी चर्चेत आलं. झाले मात्र कधीच नाहीत. आपल्याकडे लगेच म्हणतील, बिचारा राहिलाच! मला ते पटत नाही. मुख्य प्रशिक्षक झालं की देणगीदारांची जेवणं, पत्रकार परिषदा, माजी विद्यार्थ्यांची मर्जी यांतच दिवस जातो. ज्याला फिल्म बघत डाव रचायची गोडी आहे, त्याला बढती म्हणजे आवडीच्या कामातून बदलीच की.

2015 नंतर बीमर निवृत्त झाले. नवे आलेले जस्टिन फुएंटे यांनी फॉस्टरना जागेवर ठेवलं, आणि हे या धंद्यात विरळाच. 2019 च्या ऑगस्टमध्ये फॉस्टर यांनी जाहीर केलं की हा शेवटचा हंगाम. नोव्हेंबरात त्यांच्या बचावानं जॉर्जिया टेकला 45-0 असं कोरडं ठेवलं आणि पुढच्याच शनिवारी, घरच्या मैदानावरच्या त्यांच्या अखेरच्या सामन्यात, पिट्सबर्गला 28-0. निरोप तिथेच व्हायला हवा होता. पण बाहेरचे सामने अजून उरले होते, आणि अगदी शेवटचा होता 31 डिसेंबरला केंटकीशी. केंटकीचे क्वार्टरबॅक जायबंदी, म्हणून एरवी पास झेलणारा लिन बोडन ती जागा सांभाळत होता. त्यानं धावून 233 यार्ड काढले, आणि 15 सेकंद उरले असताना पास टाकून सामनाही नेला.

फॉस्टर यांच्या जागी जस्टिन हॅमिल्टन आले, तेही व्हर्जिनिया टेकचेच जुने खेळाडू. दोन हंगाम झाले, फुएंटे गेले. 2021 च्या अखेरीस ब्रेंट प्राय मुख्य प्रशिक्षक झाले. हे प्राय 1995 मध्ये, डब्याच्या पहिल्या वर्षी, फॉस्टर यांच्या हाताखाली ग्रॅज्युएट असिस्टंट होते. त्यांनी बचावासाठी बाहेरून ख्रिस मार्व्ह यांना आणलं, आणि हॅमिल्टन यांची जागा गेली.

नमस्कार.