एमजीबीला धाप का लागते?

(दृश्य: सकाळ. शेडमध्ये उभी असलेली एमजीबी. बॉनेट उघडतं.)

इंग्लंडमधलं ॲबिंग्डन. 1962 ते 1980 अशी अठरा वर्षं एमजीबी ही छोटी स्पोर्ट्स कार या गावात बनत होती. बॉनेटखाली चार सिलिंडरचं, 1798 सीसीचं लोखंडी इंजिन. कंपनीने दिलेला सुरुवातीचा आकडा होता 5400 आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला 5400 फेरे फिरताना, 95 हॉर्सपॉवर.

आणखी हॉर्सपॉवर हवी, असं ही गाडी चालवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी वाटतं. ती मिळते. मात्र आधी दुसरा एक आकडा बघू. टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ: 3000 आरपीएमला 110 पाऊंड-फूट.

हॉर्सपॉवर काढायची तर टॉर्कला आरपीएमने गुणायचं आणि 5252 ने भागायचं. आता हेच गणित उलटं करा. 5400 आरपीएमला 95 हॉर्सपॉवर असेल, तर तिथे टॉर्क उरलाय जेमतेम 92. मधल्या मधे 18 पाऊंड-फूट गळाले. ते टिकले असते तर याच इंजिनाने, एक सीसीही न वाढवता, 113 हॉर्सपॉवर दिली असती. मला विचाराल, तर या इंजिनाचं सगळं ट्यूनिंग म्हणजे हे 18 पाऊंड-फूट परत मिळवणं.

(दृश्य: सुटं केलेलं सिलिंडर हेड, टेबलावर.)

ते गळाले कुठे? थोडे घर्षणात. बाकीचे इथे, सिलिंडरांवर झाकणासारख्या बसणाऱ्या या हेडमध्ये. 5400 आरपीएमला पिस्टनच्या एका खालच्या फेरीला मिळतो सेकंदाचा 180 वा भाग. तेवढ्यात 450 सीसी हवा आत यायला हवी. ती पुरती येत नाही. इंजिनाला धाप लागते.

हेडच्या या बाजूची भोकं मोजा. पाच. हवा आत नेणारी दोन, धूर बाहेर सोडणारी तीन. सिलिंडर मात्र चार! पहिल्या-दुसऱ्याला हवेची वाट सामाईक, तिसऱ्या-चौथ्यालाही तसंच. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2. म्हणजे दुसऱ्याने श्वास घेतला की लगेच शेजारचा पहिला घेतो. एकाचा व्हॉल्व्ह, म्हणजे वाटेवरची झडप, पुरता मिटलेला नसतो, तोवर दुसऱ्याचा उघडतो, आणि एकाच वाटेतली हवा दोघं ओढू लागतात.

हे हेड आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींना अनोळखी वाटणार नाही. ॲम्बॅसेडरचं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन याच बी-सिरीज घराण्यातलं, बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीचं. त्याच मापाचं इंजिन 1955 च्या एमजीएत, म्हणजे एमजीबीच्या आधीच्या गाडीतही होतं. ॲम्बॅसेडरचं हेड ज्यांनी उतरवलंय, त्यांनी ही पाच भोकं पाहिलेली आहेत.

(दृश्य: पोर्टमध्ये फिरणारा ग्राइंडर, जवळून.)

पोर्टिंग, म्हणजे हेडमधल्या या वाटा (पोर्ट) घासून मोकळ्या करणं, म्हटलं की लोक आरशासारखं पॉलिश करत बसतात. चकाकीने फारसं काही होत नाही. महत्त्वाची जागा आहे व्हॉल्व्हच्या सीटखालचा (मिटल्यावर तो टेकतो त्या कडेखालचा) गळा. हवा तिथे वळते. तो गळा मोकळा करायचा, व्हॉल्व्ह गाइडचा (व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते त्या नळीचा) वाटेत आलेला भाग निमुळता करायचा आणि सीट 30, 45, 60 अशा तीन अंशांत कापायची. वळणाच्या आतल्या बाजूला मात्र हात आखडता हवा. तिथे जास्त खरवडलं की हवा भिंत सोडते आणि होता तो फायदाही जातो. चांगल्या कारागिराचे इथे तासन् तास जातात, आणि खर्चही इथेच करावा.

हेड उतरलंच आहे तर एग्झॉस्टच्या सीटही कडक धातूच्या बसवून घ्या. मूळच्या सीट शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळातल्या आहेत. शिसं गेल्यावर, सतत जोरात पळवलं की त्या झिजून व्हॉल्व्ह आत रुततो.

व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या बाबतीत मोह आवरायला हवा. रेसिंगचा कॅम व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवतो, त्यामुळे सामाईक वाटेतली ओढाताण आणखी वाढते. वरच्या आरपीएमला जोर येतो, पण गावातल्या रस्त्यावर गाडी अडखळते. रस्त्यावरच्या गाडीला सौम्य कॅमच बरा.

एग्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे हेडमधला धूर गोळा करणारा नळ? मूळचं बिडाचंच चांगलं आहे, राहू द्या.

(दृश्य: कार्ब्युरेटरच्या तोंडाशी रबरी नळी, दुसरं टोक कानाशी.)

यातलं काहीही करण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासा. पन्नास-साठ वर्षांच्या इंजिनात मूळची 95 हॉर्सपॉवर तरी उरलीय का? सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या स्प्रिंगा सैल झालेल्या असतात, ठिणगीचं टायमिंग सरकलेलं असतं, हवेत पेट्रोल मिसळणारे दोन एसयू कार्ब्युरेटर एका सुरात नसतात. ही नळी कानाला लावून दोन्हींची फुसफुस सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवणं हे मला या कामातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं.

(दृश्य: हेड परत ब्लॉकवर. टॉर्क रेंच 'टक्' करतो.)

नट क्रमाने आवळले. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी राखायची, फट फीलर गेजने पाहिली, थंड इंजिनाला 15 थाऊ (इंचाचे 15 हजारांश). कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्ये थोडं तेल. चोक ओढला.

(इंजिन सुरू होतं. निवेदन थांबतं, आवाज तसाच चालू राहू द्यावा.)