साथीला कोण होतं?

(दृश्य: पत्र्याची जुनी ट्रंक. वर पिवळं पडलेलं वर्तमानपत्र, खाली पाकिटांचे गठ्ठे, वह्या, टेपचे खोके.)

विसाव्या शतकातल्या एखाद्या गवयाच्या घरी अशी ट्रंक निघते, तेव्हा सगळ्यांचा हात आधी टेपकडे जातो. साहजिक आहे, गाणं तिथं आहे. पण हा गवई कुणाच्या शब्दावर मुंबईला गायला आला, साथीला कोण होतं, बिदागी किती ठरली, हे टेप सांगत नाही. ते कागदांत असतं. 78 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीवर गायकाचं नाव, राग आणि नंबर छापलेला असतो. तबलजी-सारंगियाचं नाव बहुतेक वेळा नसतंच. बालगंधर्वांच्या मागे तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष होते, हे आज सांगता येतं. तितक्याच तयारीच्या कित्येक साथीदारांची नावं फक्त एखाद्या पावतीवर उरली आहेत.

म्हणून ट्रंक रिकामी करायची घाई नको. प्रत्येक थर उचलण्याआधी त्याचा फोटो काढा. कुठलं पत्र कुठल्या निमंत्रणपत्रिकेत घडी करून ठेवलं होतं, हाच पुष्कळदा दोन माणसांच्या संबंधाचा एकमेव पुरावा असतो. गठ्ठ्यांवर आकडे घालायचे ते मऊ पेन्सिलीनं, 2बी चालेल. बॉलपेनचा दाब मागच्या बाजूला उमटतो. गंजलेली टाचणी ओढली की कागद फाटतो. स्टेपलचे पाय मागून पातळ पात्यानं उघडायचे, मग ती अलगद सुटते. चिकटपट्टी आहे तिथंच राहू द्या. आणि लॅमिनेशन अजिबात नको, ते पुन्हा काढता येत नाही.

(दृश्य: एक पाकीट, जवळून. पोस्टाचा गोल शिक्का.)

पाकिटं फेकू नका. आतल्या पत्रावर नुसतं ‘बुधवार, ता. 12’ असतं आणि वर्ष शिक्क्यावर. शिक्का पुसट असेल तर कागदालाच विचारावं लागतं. तीच तारीख आणि तोच वार 5, 6 किंवा 11 वर्षांनी पुन्हा जुळतात, त्यामुळे वारावरून दोन-तीन वर्षं उरतात. तिथं तिथी दिली असेल तर काम सोपं होतं. शके असेल तर 78 मिळवा. पण माघ-फाल्गुनाचा जलसा असेल तर 79, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. ही एका वर्षाची चूक फार ठिकाणी दिसते. बिदागीच्या पावतीवर ‘नवे पैसे’ लिहिलं असेल, तर ती एप्रिल 1957 च्या आधीची नाही. पत्त्यात ‘मुंबई 4’ न लिहिता पिनकोड ‘400 004’ आला, की आपण ऑगस्ट 1972 च्या पुढे आलो.

नावांचा गुंता वेगळाच. चंपाकली म्हणजे हिराबाई बडोदेकर, अब्दुल रहमान म्हणजे सुरेशबाबू माने, सकीना म्हणजे सरस्वती राणे. तिघंही अब्दुल करीम खाँ आणि ताराबाईंची मुलं. सवाई गंधर्वांना स्नेह्यांच्या पत्रात रामभाऊ म्हणतात, कुमार गंधर्वांचं मूळ नाव शिवपुत्र कोमकाळीमठ. सूचीत एका माणसाचं एकच मुख्य नाव धरा आणि बाकीची त्याखाली जोडा. कागदावर जसं लिहिलंय तसंही नोंदवा, दुरुस्त करू नका.

(दृश्य: स्पूल टेपचा खोका. झाकणाच्या आत हातानं लिहिलेली यादी.)

आता टेप. खोका उघडताच व्हिनेगरसारखा वास आला, तर ती टेप बाकीच्यांपासून लगेच वेगळी ठेवा आणि डिजिटायझेशनला पहिली घ्या. तिचा अ‍ॅसिटेटचा पाया विघटित होतोय. सात इंची स्पूलमध्ये 1200 फूट टेप बसते, सेकंदाला पावणेचार इंच या वेगानं 64 मिनिटं. डिजिटल मूळ प्रत 96 किलोहर्ट्‌झ, 24 बिट, डब्ल्यूएव्ही फाइल. मोनो असेल तर सव्वा जीबीच्या आत राहते. त्या प्रतीतली खरखर साफ करायची नाही. खोक्यावर ‘रेडिओ, 1955’ लिहिलंय आणि आत साथीला पेटी वाजतेय, तर शंका घ्या. आकाशवाणीवर 1940 ते 1971 हार्मोनियमला बंदी होती. ती टेप बहुधा खासगी मैफलीची असेल, आणि मग घर कुणाचं, हे पुन्हा कागदांतच शोधायचं.

78 च्या तबकडीला एलपीची सुई लावू नका. तिच्या टोकाची त्रिज्या 0.025 मिलिमीटरच्या आत असते, ती खाचेच्या तळाशी घासते; इथं 0.065 ते 0.075 ची लागते. स्पिरिटनं पुसूही नका, तबकडी लाखेची असते, ती विरघळते. आणि 78 हा आकडा प्रमाण मानू नका, सुरुवातीच्या तबकड्या कमी-जास्त वेगानं कोरलेल्या आहेत. 78 ऐवजी 82.6 फेरे दिले की पेटीच्या काळी एक पट्टीत गाणारा गवई एक स्वर वर, पांढरी दोनला जातो. मिरजेच्या तंबोरा कारागिराला लिहिलेल्या पत्रात पट्टी सापडली, तर वेग तिच्यावरून ठरवता येतो.

(दृश्य: मैफलीचा समूहफोटो.)

शेवटी फोटो. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा, चेहऱ्यांच्या बाह्यरेषा काढा, डावीकडून आकडे घाला. मग ती प्रत घेऊन घराण्यातल्या वयस्क शिष्यांकडे जा, एकेकाकडे स्वतंत्रपणे. दोघांनी तेच नाव सांगितलं तर ते लिहा. एकानंच सांगितलं, तर नावापुढे प्रश्नचिन्ह, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख.